एकवीस दिवसांचा नियम

सर,

परवा, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोलले नाही. समाजमंदिरात बसायला जागा नव्हती. तुमचे हौशी नट आले होते, जयंतीला भाषणं करणारी मंडळी आली होती, पाटबंधारे खात्यातले तुमचे जुने सहकारी आले होते. धर्माबादच्या बाजारात मिरचीच्या लिलावाची हराशी बोलणारे शेख चाचा पहिल्याच रांगेत मांडी घालून बसले होते. माईक तीनदा माझ्यापुढे आला आणि तीनदा मी मान हलवली. शेजारच्या बायकांनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, वर्षाताईला हुंदका आवरेना. हुंदका नव्हताच, सर. आवाज नव्हता. माझा आवाज बसल्याला आज सव्वीस दिवस झाले.

तुमचा नियम एकवीस दिवसांचा. बसलेला आवाज एकवीस दिवसांत सुटला नाही, तर बाविसाव्या दिवशी गळ्याच्या डॉक्टरकडे जायचं, मग घरात लग्न असो नाहीतर मयत. मला पाच दिवस उशीर झाला आहे. लातूरच्या एका दवाखान्यात, बाकावर बसून, मांडीवर शाळेची वही घेऊन मी हे लिहितेय. माझ्याआधी अजून आठ-दहा जण आहेत. आत जाताना प्रत्येक जण नीट चालत जातो आणि बाहेर येताना त्याचा हात गळ्यावर असतो. काही जण येताना घरच्यांकडे बघतही नाहीत. मला भीती वाटतेय, हे तुम्हाला सरळ सांगून टाकते. पाळी येईपर्यंत तुमच्याशी बोलून घेते. लिहिण्यानं स्वरतंतू झिजत नाहीत.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा नांदेडला डी.एड. करत होते. कॉलेजच्या एकांकिकेत माझा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नव्हता, म्हणून कुणीतरी तुमच्याकडे पाठवलं होतं. वाटलं होतं, तुम्ही अभिनय शिकवाल. तुम्ही सगळ्यांना सतरंजीवर उताणं झोपवलंत आणि प्रत्येकाच्या पोटावर एकेक जाड पुस्तक ठेवलंत. माझ्या वाट्याला नोकरभरतीचं सामान्यज्ञान आलं. "श्वास घेतला की पुस्तक वर गेलं पायजे. छाती न्हाई. छाती फुगवायला ही काय पोलीस भरती हाय?" चार रविवार आम्ही नुसते झोपून श्वास घेतला. गावाकडे गेले तेव्हा वडिलांनी विचारलं, काय शिकवतात? म्हटलं, श्वास घ्यायला. ते म्हणाले, मग इतकी वर्षं काय घेत व्हतीस? हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बराबर हाय त्यांचं. उसना घेत व्हतीस."

झोपून झालं की उभं राहून गाडी. नांदेडहून निघायचं आणि एका श्वासात स्टेशनांची नावं घेत बासरपर्यंत जायचं. घाईनं नाही. शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी तसं एकेक नाव लांबवायचं. नांदेड, मालटेकडी, मुगट, मुदखेड, शिवणगाव, उमरी, करखेली, धर्माबाद, बासर. नवा माणूस मुदखेडलाच उतरायचा. मी सहा महिने उमरीपुढे सरकले नाही. "उमरीला तुझं सासर हाय का माय? उतरायलीस ती तिथंच." तुम्ही स्वतः बासरला जाऊन परतीच्या धर्माबादपर्यंत यायचात, आणि शेवटच्या नावातही आवाज पहिल्या नावाइतकाच भरलेला असायचा. आम्ही डोळे मिटून ऐकत राहायचो. पाटबंधारे खात्यातल्या एका निवृत्त कारकुनाच्या सडपातळ अंगात एवढी हवा कुठे मावते, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

तुमचे बाकीचे नियम तर मी आजही शाळेतल्या नव्या मास्तरांना सांगत असते. खाकरायचं नाही, कारण खाकरणं म्हणजे एक स्वरतंतू दुसऱ्यावर आपटणं. घसा खवखवला तर पाण्याचा घोट घ्यायचा आणि गिळायचा. कार्यक्रमाआधी ग्लासभर पाण्यात नळी बुडवून त्यातून गुणगुणायचं, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. वाफ घ्यायची ती नुसत्या पाण्याची, त्यात बाम घालायचा नाही. भाषण संपलं की लगेच गप्पा झोडत बसायचं नाही, पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणत आवाज खाली उतरवायचा. आणि कुजबुज तर बिलकुल करायची नाही. एकदा सर्दीत मी तालमीला आले आणि आवाज वाचवायचा म्हणून सगळ्यांशी कुजबुजत होते. मी मोठी शहाणी. तुम्ही जवळ आलात. "बोलायचं तर बोल, न्हाईतर गप बैस. कुजबुजीनं आवाज वाचत न्हाई माय, लई झिजतो. हळू बोललं की वाचतं असं वाटतं माणसाला. तसं नसतंय."

आणि तो एकवीस दिवसांचा नियम. शेख चाचांचा आवाज मिरचीच्या हंगामात बसला होता. हराशी बोलणाऱ्याचा आवाज बसणारच, त्यात मिरचीची धूळ. ते ऐकायला तयार नव्हते. "ठसका हाय सर. शीजन सरला की आवाज खुलतो." तुम्ही बाविसाव्या दिवशी धर्माबादला गेलात आणि भर बाजारात, चालू लिलावात त्यांचं मनगट धरलंत. म्हणालात, "शीजन कुणाचं सरायलंय ते डॉक्टर सांगंल." त्यांची गाठ निघाली, वेळेत निघाली, आणि चाचा आजही पोत्यांच्या थप्पीवर उभे राहून बोली पुकारतात. परवा समाजमंदिरात हेच सांगताना त्यांना पुढे बोलवेना. मी खाली बघत बसले होते. तुमच्याच नियमानं वाचलेला माणूस तुमच्या फोटोपुढे रडत होता, आणि त्या नियमाचं तुम्ही स्वतः काय केलंत ते अजून मला माहीत नव्हतं.

आपलं भांडण माईकवरून होतं, आठवतं ना? मी लातूरला शाळेत लागले आणि कार्यक्रमांचं निवेदन करायला लागले, तेव्हापासूनचं. मी म्हणायची, सर, माईकमुळे माणसाचे गळे वाचतात. जयंतीला पोरं चार-चार तास बोलतात, ती कशी तगणार? तुम्ही म्हणायचात, माईक लबाड हाय, तो लागला की माणूस पोटातून बोलायचं सोडतो. एकदा मी फारच ताणलं. म्हणाले, तुम्हाला यंत्राचा राग आहे, दुसरं काही नाही. तेव्हा तुम्ही तुमच्या वडिलांचं सांगितलंत. गावाची दवंडी तुमच्या घराण्याकडे होती. पाटलाचा हुकूम यायचा आणि तुमचे वडील गल्लीगल्लीत ओरडत जायचे. ताप असला तरी, घरात मूल दगावलेलं असलं तरी. "आवाज बापाचा, पण मालकी गावाची." छप्पन्नच्या धर्मांतरानंतर त्यांनी दवंडी टाकली ती टाकलीच. पुन्हा आवाज चढवला तो विहारात, वंदनेला. "म्हणून सांगायलो. माझा आवाज माझ्या पोटातून निघतो, माझ्या मर्जीनं. मधी दुसऱ्या कुणाचा हात नको." मी गप्प झाले. माईकचं भांडण तिथे थांबलं, मिटलं नाही. दुसऱ्याचा हात म्हणजे तुमच्या लेखी डॉक्टरचाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणि मी गप्प कशी झाले, तेही लिहायला हवं. तुम्ही एकदा आमच्या गावी आला होतात, भोकरजवळ. नाटकात काम करायला वडील नाही म्हणत होते, त्यांची समजूत घालायला. ओसरीवर बसलात, वडिलांशी कापसावर बोललात, पावसावर बोललात. आजीनं तुम्हाला पाणी दिलं ते वेगळ्या पेल्यातून. तो पेला आमच्याकडे खिळ्याला टांगलेला असायचा आणि कुणासाठी टांगलेला असायचा ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी दारात उभी होते. मी बघितलं, आणि मी बघितलेलं तुम्ही बघितलंत. तुम्ही पाणी प्यालात, पेला स्वतः विसळून पालथा घातलात आणि म्हणालात, "गार हाय पाणी. बरं वाटलं." एवढंच, पण आवाज सगळ्या वाड्यावस्तीला ऐकू जाईल इतका. परतताना एसटी येईपर्यंत मी फाट्यावर तुमच्याबरोबर थांबले होते. माफी मागायला अर्धा तास होता. मी तुम्हाला एकांकिकेतल्या स्वगताविषयी विचारत राहिले. नंतर वीस वर्षांत हा विषय आपण कधी काढला नाही. तुम्ही काढला नाहीत तो मोठेपणानं. मी काढला नाही तो भित्रेपणानं. भित्रेपणा एकदा खपला की माणसाला त्याची सवय लागते, सर.

दोन दिवाळ्यांपूर्वीचा हिवाळा. नाट्यस्पर्धेसाठी आपलं नाटक बसत होतं. तुम्ही म्हाताऱ्या शिक्षकाचं काम करत होतात आणि मी शनिवार-रविवार लातूरहून नांदेडला तालमीला येत होते. एका रविवारी गाडी सुरू झाली, आणि तुम्ही म्हणालात, "आजपसून बासरला जायचं न्हाई. मुदखेडवरून भोकरकडं वळायचं. तीच ती स्टेशनं घोकून तुमची जीभ आळशी झाली." सगळे हसले आणि नवी नावं पाठ करायला लागले. मला मात्र कसंतरी झालं. कारण आदल्या रविवारी तुम्ही उमरीला एक चोरटा श्वास घेतला होता. इतका सफाईदार, की नाव तुटलं नव्हतं. भोकरच्या वाटेवर तुमचं मोजमाप कुणाकडेच नव्हतं. कुठवर जात होतात आणि आता कुठे थांबलात, हे कुणाला सांगता आलं नसतं.

त्यानंतर मी नाटक ऐकणं सोडलं आणि तुम्हाला ऐकायला लागले. तुमच्या आवाजाच्या कडेनं हवा निसटत होती. अगदी बारीक. तुम्ही पोटाचा जोर वाढवून ती झाकत होतात. लांब वाक्यं मध्येच तोडून तिथे पाण्याचा पेला उचलायचात, आणि आम्हाला वाटायचं, काय अभिनय आहे, म्हातारा कसा थांबून थांबून बोलतो. आयुष्यभर कमावलेली विद्या तुम्ही गळ्यातल्या गाठीच्या चाकरीला लावली होती. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर महिनाभरात त्याचा आवाज उघडा पडला असता आणि कुणीतरी त्याला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. तुम्हाला श्वास घेता येत होता, म्हणून तुम्ही मेलात. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

मी का बोलले नाही? कारण आपल्याकडे नाटक तोंडावर आलं की कुणाच्या आवाजाविषयी चकार शब्द काढायचा नाही, अशी शिस्त होती. तुमचीच. नटाला सांगितलं की तुझा आवाज बरोबर नाही, की तो गळा आवळतो आणि होता तोही आवाज घालवतो. शिस्त चांगलीच होती. मी तिच्या पदराआड लपले. म्हटलं, प्रयोग होऊ दे. प्रयोग झाला, तुमचं कौतुक झालं, तुम्ही लोकांच्या गराड्यात होतात. म्हटलं, आज नको, आनंदाचा दिवस आहे. मग मी लातूरला परतले. फोनवर तुमची वाक्यं आखूड होत गेली. मी स्वतःला म्हणायची, वय झालं. म्हणायची, थंडी आहे. दुसऱ्या कुणाच्या आवाजात एवढं ऐकलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी ओढत नेलं असतं. पण तुम्ही सर होतात. तुम्हाला मी काय सांगायचं?

पुढच्या गणपतीत तुमच्या घरून काकूंनी फोन करून सांगितलं की घशाचं दुखणं निघालं आहे आणि फार पुढे गेलं आहे. थंडीत तुमच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. मी भेटायला आले तो दिवस आजपासून मागे मोजला तर एकतिसावा. तुम्ही खाटेवर टेकून बसला होतात. श्वास नळीतून यायचा-जायचा आणि तो खोलीभर ऐकू यायचा. तुमच्या मांडीवर लहान मुलांची ती पाटी होती, बटण दाबलं की सगळं पुसणारी. मी बडबडत सुटले. शाळा, परीक्षा, एप्रिलमधले माझे कार्यक्रम. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, स्वतःच्या पोटावर तळवा ठेवलात आणि माझ्याकडे बघितलंत. मी छातीतून बोलत होते. ते तुम्हाला दारातच कळलं होतं.

मग तुम्ही पाटीवर लिहिलंत. "तुला ऐकू आलं व्हतं ना?"

मी म्हणाले, "काय सर?"

तुम्ही पाटी तशीच धरून ठेवलीत. काकू स्वयंपाकघरात होत्या. नळीतून श्वास येत होता, जात होता.

मी म्हणाले, "नाही सर. मला काहीच कळलं नव्हतं."

आणि तुमच्या हातातल्या पाटीचं बटण मीच दाबलं. वाक्य गेलं. तुम्ही माझ्याकडे रागानं बघितलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त डोळे मिटलेत, एखाद्याचा आवाज नीट ऐकायचा असला की मिटायचात तसे. खोटं बोलताना आवाज वर चढतो, हे मला शिकवणारा माणूस समोर बसला होता. पाच दिवसांनी माझा आवाज बसला. मी अंधश्रद्धाळू नाही, तुम्ही मला तसं राहू दिलं नाहीत. सर्दी होती, त्यात सलग तीन कार्यक्रम केले, हे मलाही कळतं. तरी रोज सकाळी पहिला शब्द उच्चारायची मला धास्ती वाटते. आणि त्यानंतर मी तुमच्याकडे आले नाही. काकूंना परीक्षांचं कारण सांगितलं. खरं कारण असं, की दोन वाक्यांत तुम्ही माझा गळा ओळखला असतात, आणि मग मला तुमच्या डोळ्यांसमोर राहवलं नसतं. एकोणीस दिवस होते माझ्या हातात. मग काकूंचा फोन आला.

परवा समाजमंदिरात सगळी भाषणं झाल्यावर कुणीतरी मोबाईलवरून तुमचा आवाज लावला. त्याच नाटकातलं, स्पर्धेच्या दिवशीचं स्वगत. लोक सरसावून बसले. तुम्ही लाऊडस्पीकरमधून बोलत होतात, वाक्य मध्येच तोडत होतात, पाणी पीत होतात. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेवढी बसून राहिले. मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त ती कडेनं निसटणारी हवा. मोठ्या स्पीकरवर ती किती स्पष्ट येत होती, सर. अख्खं समाजमंदिर तुमच्या दुखण्याला दाद देत होतं.

लोक पांगल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि एक फाईल दिली.

"तुझ्याच गावची हाय. लातूरची. मला तर म्हणले व्हते, लातूरला शिबिर हाय मास्तर लोकांचं."

मी कागद उलटले. दोन दिवाळ्यांपूर्वीचा होता पहिला कागद. म्हणजे तुम्ही आम्हाला भोकरकडे वळवलंत त्याच्याही आधीचा. डाव्या स्वरतंतूवर गाठ, तुकडा काढून तपासावा, लवकर. आणि त्याखाली तुमचं वळणदार अक्षर. "नाटक झाल्यावर येतो." सही.

"नाटक झालं की म्हणले, आता जयंती होऊ दे," काकू सांगत होत्या. "जयंती झाली की म्हणले, पोरांचं शिबिर घेतो अन् जातो. मी लई भांडले माय. एक दिवस म्हणले, डॉक्टर म्हणतो लाईट द्यायचा गळ्याला, रेडिएशन का काय ते, आवाज हाय तसा राहील का, सांगता येत न्हाई. मग जगून काय करू? मी म्हणलं, माझ्याशी बोला की जगून. बसक्या आवाजात बोला. मला चालतंय." त्या थांबल्या. "तू तरी कामून न्हाई काही बोललीस? तुझं ऐकलं असतं त्यांनी."

काकूंना मी उत्तर दिलं नाही. माझ्या घोगऱ्या आवाजानं त्या घाबरल्या असत्या, असं स्वतःला सांगितलं. बघा, कारण तयारच असतं माझ्याकडे.

मला तुमचा राग आला आहे, सर. लातूरला येऊन तुम्ही या शहरात माझ्या घरापासून चार गल्ल्या अलीकडे गळा दाखवून गेलात आणि मला हाक मारली नाहीत. शेख चाचांना भर बाजारातून उचलून नेणारा माणूस स्वतःला उचलून नेऊ शकला नाही. दवंडीच्या पिढ्यांनंतर जो आवाज घराण्याला स्वतःच्या मालकीचा मिळाला, तो दुसऱ्याच्या चिमट्याखाली ठेवायचा नव्हता, हे मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही. तुमचा आवाज तुमचाच होता, कबूल. पण काकूंशी बसक्या आवाजात बोलणारा माणूसही तुमचाच होता, त्याचा तुम्ही विचार केला नाहीत. आणि मला माणसाच्या आवाजात माणूस ऐकायला तुम्ही शिकवलंत, त्याचे उपकार मी कुठे ठेवू? तुमच्यामुळे मी बाई म्हणून चारचौघांत उभी राहून बोलू शकले. माझ्या आजीच्या घरातून निघून इथवर आले ते तुमच्या श्वासावर आले.

आत बोलावताहेत. वही मिटते.

हे पुढचं घरी येऊन लिहितेय. डॉक्टर मॅडमनी नाकात औषध फवारलं, घसा बधिर झाला, मग बारीक नळी आत गेली. "ई म्हणा. लांबवा." मी ई म्हटलं. समोरच्या पडद्यावर माझे स्वरतंतू हलत होते आणि डाव्या तंतूच्या कडेला एक फिकट उंचवटा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. दोन्ही तंतू मिटत नव्हते. मध्ये फट राहत होती आणि त्या फटीतून हवा जात होती. मी ती आधी कानांनी ओळखली, मग डोळ्यांनी बघितली.

"साधी गाठ दिसतेय," मॅडम म्हणाल्या. "पण नुसतं बघून मी काही सांगणार नाही. काढायची आणि तपासायला पाठवायची."

"आवाज?"

"पूर्वीसारखा येईलच, असं लिहून देता येत नाही."

एप्रिलमध्ये माझे अकरा कार्यक्रम ठरले आहेत, सर. जयंत्या आहेत, शाळेचा वर्धापनदिन आहे. माझ्या तोंडातून वाक्य निघालंसुद्धा. "मॅडम, एप्रिल झाल्यावर..." तिथे मी थांबले. माझ्याच घोगऱ्या आवाजात ते वाक्य मला ऐकू आलं. मॅडम पेन धरून वाट बघत होत्या. त्यांच्या टेबलावर माझ्या नावाचा कागद होता आणि त्यावर खाली लिहायला भरपूर कोरी जागा होती.

"परवा करा," मी म्हणाले. "लवकरात लवकर करा."

सही केली. मग शेजारच्या खोलीत नेलं. शस्त्रक्रियेच्या आधीचा आवाज नोंदवून ठेवतात म्हणे, नंतरच्याशी ताडून बघायला. तिथल्या बाईंनी माझ्या तोंडासमोर छोटा माईक लावला. "अर्धा मिनिट बोला, ताई. नाव, गाव, काहीही चालेल. नंतर मात्र बिलकुल बोलायचं नाही."

मी दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि श्वास पोटात जाऊ दिला.

"सर, मला ऐकू आलं होतं," मी म्हणाले. "तालमीतच ऐकू आलं होतं. मी बोलले नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. आणि आमच्या घरी त्या पेल्यातून पाणी दिलं, तेही मी बघितलं होतं. तेव्हाही बोलले नाही. माझं चुकलं."

आवाज दोनदा फाटला. मग माझ्याकडचे शब्द संपले.

त्या बाई यंत्राकडे बघत होत्या. त्यांना माझ्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"अजून दहा सेकंद पाहिजेत, ताई," त्या म्हणाल्या.

मग मी तेच पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.